अन्नाला पाचपैकी पाच

निवृत्त होऊन गावी, हळ्ळीखेडला, आलो तेव्हापासून देवळाच्या कट्ट्यावर मला एकच प्रश्न विचारला जातो. "युनिवर्सिटीत तुमी नेमकं करत काय व्हता म्हणावं?" शिकवत नव्हतो हे त्यांना ठाऊक आहे, कारण माझ्या दोन्ही भाच्यांचं गणित मीच बिघडवलं असा गावात माझा लौकिक आहे. खुर्चीवर बसत होतो हे पोटाकडं बघून कळतं. मग मी खरं ते सांगतो. "लोकांना 'कसं चाललंय' म्हणून विचारायची मला नोकरी होती." त्यावर सगळा कट्टा खदाखदा हसतो. "ते तर आमी रोज फुकटात विचारताव की!"

बरोबर आहे त्यांचं. फरक इतकाच की ते विचारून पुढं जातात, आणि मला उत्तर लिहून घ्यावं लागे, त्याचे आलेखात रंगीत खांब काढावे लागत, आणि ते खांब वरच्या साहेबांकडं पाठवून 'विद्यार्थी समाधानी आहेत' असं सहीनिशी कळवावं लागे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. कलबुर्गीच्या बाजूला आहे, मोठं आहे, आणि माझी पेन्शन तिथूनच येते, एवढं पुरे.

आमच्या खात्याला गुणवत्ता कक्ष म्हणत. त्यात दोन टेबलं, एक कपाट, मी अधीक्षक आणि इस्माईलभाई शिपाई. वर्षातून एकदा सगळ्या विद्यार्थ्यांना फॉर्म द्यायचा. आधी कागदावर होता, नंतर मोबाईलवर आला. वर्ग कसे, ग्रंथालय कसं, वसतिगृह कसं, असे तीसेक प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढं पाच गोल. पहिला म्हणजे 'अजिबात समाधानी नाही', पाचवा म्हणजे 'पूर्ण समाधानी'. आवडेल तो काळा करायचा. नाव लिहायचं नाही, म्हणजे पोरं न भिता खरं सांगतील, अशी कल्पना.

ही कल्पना ज्यांनी काढली ते आमच्या भागात कधी जेवायला आले नसावेत. आमच्याकडं वाटेत कुणी भेटलं की कन्नडमध्ये विचारतात, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. याला उत्तर एकच, "आत्री", झालं. उपाशी असलात तरी झालं. 'नाही झालं' म्हणालात की समोरच्याला तुम्हाला घरी न्यावं लागतं. मराठीतही तेच. कसं चाललंय विचारलं की "चाललंय बघा". या 'चाललंय बघा'साठी फॉर्मवर गोल नव्हता. मी एकदा सहावा गोल सुचवला होता, पण कुलसचिव साहेबांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

या धंद्यात नवं माणूस पहिल्यांदा शिकतं ते सरळ रेघ ओळखायला. तीस प्रश्न आणि तीसही उत्तरं एकाच रांगेत काळी केलेली असली की समजायचं, पोराला बस गाठायची होती. दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे एकाच शाईचे चाळीस फॉर्म. हे वर्गप्रमुखाचं काम. अख्ख्या वर्गाचं समाधान तो कँटीनमध्ये चहा पितापिता एकटा करून टाकायचा. शेवटी एक मोकळी चौकट असायची, 'आणखी काही सांगायचे आहे का?' तिथं निम्मे लोक 'नाही' लिहीत, पाव लोक 'परीक्षा पुढे ढकला' लिहीत. एकानं लिहिलं होतं, 'सर, हा फॉर्म वाचणाऱ्याचं लग्न झालंय का?' तो फॉर्म मी आणि इस्माईलभाईंनी बरेच दिवस काचेखाली ठेवला होता.

पोरं वाचत नाहीत हे सिद्ध करायची मला एका वर्षी लहर आली. ग्रंथालय आणि क्रीडांगण यांच्या मधोमध मी एक प्रश्न घुसवला: 'विद्यापीठाच्या जलतरण तलावाबद्दल आपण किती समाधानी आहात?' आमच्या विद्यापीठात तलाव नाही. पोहण्याएवढं पाणीच नाही. तरीही बहुतेकांनी पाचवा गोल काळा केला. एकानं मोकळ्या चौकटीत लिहिलं, 'पाणी सकाळी थोडं गार असतं.'

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओळ काढून टाकायची होती, पण मध्येच मी पुतणीच्या लग्नाला गावी गेलो आणि मागं कुणीतरी आख्खा तक्ता उचलून वार्षिक अहवालात छापला. उन्हाळ्यात बाहेरची तपासणी समिती आली. त्यातल्या एका गृहस्थांनी अहवाल चाळला आणि म्हणाले, "तलाव पाहू या." कुलसचिवांनी माझ्याकडं पाहिलं. मी इस्माईलभाईंकडं पाहिलं. इस्माईलभाईंनी हातातला चहाचा ट्रे हलू दिला नाही.

"साब, गर्मी में सुका दिये ना. पानी की किल्लत है इधर."

समितीनं आमच्या पाणीबचतीची लेखी तारीफ केली. साहेबांनी नंतर मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चन्नप्पा, पुढच्या वर्षी हेलिपॅड विचारू नका."

त्या दिवसांत मी कँटीनमध्ये एका पोराला विचारलं होतं, "तलाव न्हाई हे तुला म्हाईत नव्हतं काय रे?"

"म्हाईत व्हतं की सर."

"मग पाच कामून दिलास?"

"तुमी विचारलाव म्हणजे बांधायचं मनात असंल म्हणलं. न्हाई म्हणून कामून दुखवावं?"

मी हा किस्सा चहाला बसलेल्या प्रत्येकाला रंगवून सांगितला. पोरं गंभीर नाहीत, असा निष्कर्षही काढला. त्या पोरानं मला काय सांगितलं होतं, ते मात्र ऐकलं नाही. ते ऐकायला मला एक संतपूरची मुलगी भेटावी लागली.

माझ्या टेबलावर आणखी एक फॉर्म असायचा. कुणी शिक्षण मध्येच सोडून चाललं की त्याचे कागद माझ्याकडून जायचे आणि जाताना एक पान भरून घ्यायचं. त्यात मुख्य चौकट एकच, 'सोडण्याचे कारण'. मुलींच्या वसतिगृहातून दर वर्षी काही मुली जायच्या, आणि जवळजवळ सगळ्या त्या चौकटीत दोनच शब्द लिहीत: घरगुती अडचण. मी त्याचाही खांब काढत असे. त्याखाली माझी शिफारस असे, 'पालकांचे प्रबोधन करावे.' अक्षर छान होतं माझं.

मार्गशीर्ष लागला होता. महानंदा नावाची एक मुलगी वडिलांबरोबर आली. औराद तालुक्यातल्या संतपूरची, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. वडील शिवराजअप्पा, कपाळावर विभूती, खांद्यावर टॉवेल, तूर आणि सोयाबीनची चांगली शेती असलेले. मुलीनं पान भरलं आणि कारणाच्या चौकटीत तेच दोन शब्द लिहिले. मुलगी इतकी वाळली होती की ओढणी हँगरवर टाकल्यासारखी दिसत होती. त्या दिवशी मला का कोण जाणे, ते शब्द पुरेसे वाटले नाहीत.

"अप्पा, घरात काय अडचण हाय?" मी विचारलं.

"घरात काय बी अडचण न्हाई बघा. अडचण हितं हाय. लेकराच्या पोटात नुस्तं जळजळायलंय. दोन डाव दवाखान्यात नेलाव. घरी आली की चार दिसांत बरी हुतीय, हितं आली की पुन्ना तेच."

"मेसचं जेवण सोसना का?"

शिवराजअप्पांनी दोन्ही हात जोडले. माझ्यापुढं नाही, त्या 'जेवण' शब्दापुढं. "जेवणाला काय म्हणावं सर. अन्न हाय ते."

मी मुलीकडं वळलो. "मागल्या म्हयन्यात तू फॉर्म भरलीस की. जेवणाला किती दिलीस?"

"पाच."

"अगं, पोट जळायलंय आन पाच कामून?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही मी परमुलखातून आलोय. "सर, अन्नाला कमी देत्यात व्हय?"

हे मला तिच्याकडून ऐकायची गरज होती का? मी हळ्ळीखेडचा. बसवण्णांना मानणाऱ्या घरात वाढलेला. लहानपणी एकदा आमटी खारट आहे म्हणालो, तर आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला पानावरून उठवलं, हात धुवायला लावले आणि ताटाला हात जोडून 'शरणू' म्हणायला लावून मगच पुन्हा बसू दिलं. ताटात पडलं तो प्रसाद. त्याला नाव ठेवलं की रांधणाऱ्याला, पिकवणाऱ्याला आणि देवाला, तिघांना नाव ठेवलं. आमच्याच नाही, शेजारच्या शेतकरी घरांतही हेच. आणि अशा घरांतून आलेल्या पोरींना मी सहा वर्षं विचारत होतो, 'अन्नाला किती गुण देता?' त्या काय देणार? देवाला पाचपैकी तीन कोण देतं?

आमच्या सगळ्या अहवालांत सर्वांत उंच खांब मुलींच्या मेसचा असायचा. मी तो हिरव्या रंगात काढत असे. मला त्या खांबाचा अभिमान होता हे कबूल करतो, आणि आता त्याची लाज वाटते हेही.

शिवराजअप्पा बाहेर तंबाखू थुंकायला गेले तेवढ्यात महानंदा भरभर बोलली. "मला शिकायचंय सर. पण अप्पाला उलटून बोलवना. त्येंचं बी खरंच हाय. येळवसाला नेत्यात आन परत धाडत न्हाईत."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या पट्ट्यातला मोठा सण. त्या दिवशी शहरातलं माणूससुद्धा शेतात जाऊन भज्जी, आंबील, उंडे खातं, आणि वसतिगृहं झाडून रिकामी होतात. मी अप्पांना म्हणालो, येळवसाला न्या, पण संक्रांतीपर्यंत परत पाठवा. तोवर हा कागद माझ्या टेबलात राहील, पुढं जाणार नाही. संक्रांतीला या आणि तुम्हीच ठरवा.

"संक्रातीपत्तोर," अप्पा म्हणाले. "त्याच्यावर एक दीस न्हाई. वाळाय घातलेल्या मिर्चीवानी पोरगी आमाला बघवना."

ते गेल्यावर मी इस्माईलभाईंना म्हटलं, चला, मेस बघून येऊ. सहा वर्षं जिचा खांब काढला ती मेस मी आतून कधी पाहिली नव्हती. दारातच थबकलो. समोरच्या भिंतीवर, मोठ्या फ्रेममध्ये, हार घालून, माझा हिरवा खांब लावलेला होता. खाली माझी सही. मेसच्या ठेकेदारानं उदबत्तीही लावली होती.

आत शिवम्मा अक्का होत्या. अख्ख्या वसतिगृहाचा स्वयंपाक त्या आणि आणखी एक बाई, दोघींवर. मोठ्या पातेल्यात डाळ रटरटत होती आणि अक्का त्यात पांढरी भुकटी टाकत होत्या.

"हे काय अक्का?"

"सोडा की अण्णा. साताला घंटा व्हती. डाळ शिजना लौकर. दोन चिमटी टाकलं की लोण्यावानी हुतीया."

"चिमटी? ही तर मूठ हाय."

"पातेलं बी तसंच हाय की," अक्का म्हणाल्या. डाळही तुरीची नव्हती, कसली होती ते अक्कांनाही सांगता आलं नाही. तुरीच्या मुलखात पोरी तुरीवाचून जेवत होत्या.

"पोरी काय म्हणत्यात?"

"काय सुदीक न्हाई. सोन्यावानी पोरी हाईत. येक जण नाव ठिवत न्हाई." अक्कांच्या चेहऱ्यावर खरोखरचं कौतुक होतं. त्यांना कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं.

"मग उरलेलं कुठं जातंय?"

"ठेकेदाराच्या म्हशीला. पयले दोन व्हत्या, आता चार झाल्यात. बघून घ्या, कशा तुकतुकीत हाईत."

परतताना इस्माईलभाई म्हणाले, "साब, सर्वे भैंसों का लेना था. सच्ची बोलते वो."

हे ऐकून मला युक्ती सुचली. सण संपला. पोरी गावाहून परतल्या. आठ दिवसांनी मी एक नवाच फॉर्म मुलींच्या वसतिगृहात पाठवला. त्यात गोल नव्हते. जेवण कसं आहे हे कुठंही विचारलं नव्हतं. प्रश्न असे होते: येळवसाहून येताना खायला काय काय आणलंत? ते किती दिवस पुरलं? काल संध्याकाळी मेसमध्ये किती चपात्या खाल्ल्या? वरण दुसऱ्यांदा घेतलं का? घरचं संपल्यावर काय खाता?

अन्नाला नाव ठेवायला आमच्या पोरी तोंड उघडत नाहीत, पण आईनं काय बांधून दिलं हे सांगताना थांबत नाहीत. पानं पाठीमागूनही भरून आली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कारळाची चटणी, धपाटे, लसूण घातलेली पुंडीची भाजी, खव्याच्या पोळ्या. एकीनं आईच्या चटणीची कृतीच लिहिली आणि खाली 'कुणाला सांगू नका' अशी ताकीद दिली. मी सांगितली नाही, पण घरी करायला लावली. आणि या थाटाच्या खाली बारीक अक्षरात उरलेली उत्तरं होती. घरचं चार दिवस पुरलं. काल मेसमध्ये अर्धी चपाती. वरण दुसऱ्यांदा, नाही. घरचं संपल्यावर, बिस्किट. बिस्किट. चहा-बिस्किट. कुणाकुणाच्या पानावर, 'झोपते'.

या शब्दाचा मी खांब काढला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मेसच्या कराराची बैठक होती. कुलसचिव, वॉर्डनबाई आणि तीन प्राध्यापक अशी पाच माणसं ठरवणार होती की याच ठेकेदाराला पुढच्या वर्षांचं काम द्यायचं का. ठेकेदार भिंतीवरची फ्रेम काखेत घेऊनच आला. हार मात्र काढून ठेवला होता.

मी पोरींचे फॉर्म पुढं ठेवले. एका प्राध्यापकांनी दोन-चार चाळले आणि हसले. "चन्नप्पा, हा सर्वे आहे का रुखवताची यादी?" सगळे हसले. ठेकेदारानं फ्रेम टेबलावर उभी केली. "साहेब, आमच्याकडं सहा वर्सांचा कागद हाय. पाचातली पाच. सही बी ह्येंचीच हाय."

साहेब माझ्याकडं पाहू लागले. मी म्हणालो, "साहेब, जेवणाची वेळ झाली. आधी जेवू या."

बैठकीचं जेवण नेहमी बाहेरच्या हॉटेलातून यायचं. त्या दिवशी मी इस्माईलभाईंना सांगून ठेवलं होतं. पाच ताटं आली, मुलींच्या मेसमधून, त्याच पातेल्यातली. कुणाला काही बोललो नाही. सगळे जेवले. म्हणजे जेवायला बसले. वॉर्डनबाईंनी वरणाकडं एकदा पाहिलं आणि चपाती लोणच्याशी खाल्ली. साहेब दोन घासांनंतर पाणीच पीत राहिले. प्राध्यापकांनी आपापल्या मोबाईलमध्ये लक्ष घातलं. हात धुऊन आले तेव्हा प्रत्येकाच्या जागेवर मी आमचा नेहमीचा फॉर्म ठेवला होता. एकच प्रश्न: 'आजच्या जेवणाबद्दल आपण किती समाधानी आहात?' नाव लिहू नये.

पाचही जणांनी पाचवा गोल काळा केला. एकानं शेजारी 'रुचकर' असंही लिहिलं.

मग मी दुसरा कागद वाटला. किती चपात्या खाल्ल्या? वरण दुसऱ्यांदा घेतलंत का? घरी गेल्यावर काय खाणार? कुणीच पेन उचलेना. तेवढ्यात इस्माईलभाई ताटं उचलायला आत आले. पाचही ताटांत निम्म्याहून जास्त जेवण तसंच होतं आणि वरणावर साय धरली होती.

"साब," ते अदबीनं म्हणाले, "ये पाँच में पाँच उठा लेऊँ क्या?"

आधी वॉर्डनबाई हसल्या. मग त्या रडल्याही, कारण त्या याच पोरींच्या छताखाली राहत होत्या आणि स्वतः घरचा डबा खात होत्या. ठेकेदार म्हणत राहिला, "पन कागद तर सरांच्या सहीचा हाय ना?"

"सही माझीच आहे," मी उभा राहून म्हणालो. "सहा वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारला. तो कागद खोटा नाही, पण त्याच्यावर विसंबू नका."

साहेबांना राग आला. सहा वर्षांचे अहवाल पाण्यात, आणि तेही नसलेल्या तलावाच्या. सण झाल्यावर मला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. मी उत्तरात एकच ओळ लिहिली: मीही हळ्ळीखेडचाच असल्यामुळे लक्षात आले नाही. नोटीस पुढं कुठं गेली कळलं नाही, पण करार बदलला. तूरडाळच वापरायची, सोडा बंद, रात्री ज्वारीची भाकरी, आणि शिवम्मा अक्कांच्या हाताखाली आणखी दोन बाया. ठेकेदार तोच राहिला. म्हशी दोन विकल्या म्हणे.

पण हे सगळं ठरून अंमलात यायला वेळ लागतो आणि शिवराजअप्पांची संक्रांत तर दुसऱ्याच दिवशी होती. मी अक्कांच्या हातापाया पडलो. संक्रांतीच्या दिवशी अक्कांनी पहाटे उठून तूरडाळ भिजवली आणि सोड्याचा डबा इस्माईलभाईंच्या ताब्यात दिला. दुपारी अप्पा आले. मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त म्हणालो, सणाचं जेवून जा. ते मुलीशेजारी मेसमध्ये बसले. ताटाला नमस्कार केला. मी समोर बसून त्यांच्या हाताकडं पाहत होतो. नोकरीतल्या कुठल्याच आकड्याकडं मी तसं पाहिलेलं नाही.

अप्पा जेवण कसं आहे हे बोलले नाहीत. बोलणारच नव्हते. अर्धी भाकरी झाली आणि त्यांनी वाटी पुढं केली.

"अक्का, वरण घाला जरा."

मग मुलीकडं वळून म्हणाले, "राहातीस का?" ती म्हणाली, "राहाते." टेबलातला कागद मी तिच्याच हातात दिला. तिनं तो तिथंच फाडला. तिचं एम.एस्सी. पूर्ण झालं, आता ती बीदरकडं एका कॉलेजात शिकवते, आणि तिथल्या पोरांना तो बिनगोलांचा फॉर्म भरायला लावते असं तिनंच मला फोनवर सांगितलं.

इथं थांबलो तर मी मोठा शहाणा ठरेन. पण कपाटात जुने कागद होते. निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा मी ते काढले. मुलींच्या वसतिगृहातून मधेच गेलेल्यांचे, सगळे 'घरगुती अडचण' लिहिलेले. प्रत्येकीखाली माझी सुबक शिफारस. त्यावर घरचे नंबर होते. बरेचसे लागले नाहीत. एक लागला, हुमनाबादजवळच्या एका गावचा. मुलगी गणितात हुशार होती, पहिल्या वर्षातच गेली होती. आईनं फोन उचलला आणि सासरचा नंबर दिला.

तिथं मुलीनंच फोन घेतला आणि मला ओळखलं. मागं लेकरू रडत होतं. "बोला की सर," ती आनंदानं म्हणाली.

मी आडून विचारायचं ठरवून फोन केला होता. घरून काय आणायचीस, किती दिवस पुरायचं, सगळे प्रश्न तोंडपाठ होते. पण तिचा आवाज ऐकून मला धीर निघाला नाही. मी सरळच विचारून बसलो. "बाई, खरं सांग. तू शिक्षण सोडलीस ते मेसच्या जेवणापायी का? जेवण कसं व्हतं?"

पलीकडं तिनं लेकराला उगी केलं.

"चांगलं व्हतं की, सर," ती म्हणाली. "तुमी जेवलाव का?"

"जेवलो," मी म्हणालो.